बांबूतली खिडकी

माळी: ही बघा, ताई. अंगठ्याएवढी जाड. फूटभर खाली आहे आणि सरळ काकूंच्या कुंपणाखालून पलीकडे गेलीय.

मुलगी: तोडा ना मग.

माळी: तोडतोच आहे. पण पलीकडे गेली ती आता तिकडचीच झाली. त्यांच्या अंगणातही खणावं लागेल. बांबू आहे हा, पाहुणा नाही, निघा म्हटलं की चपला घालायला.

मुलगी: पत्रा घालावा लागतो हे आधी सांगायला हवं होतंत, दादा.

माळी: सांगितलं होतं.

मुलगी: कधी?

माळी: तीन वर्षांपूर्वी, रोपं घेतली तेव्हा. दोन जाती दाखवल्या होत्या तुम्हाला. एक जागच्या जागी बेट करून बसतो, पण दाट व्हायला पाच वर्षं घेतो. दुसरा जमिनीखालून पळतो, त्याची दोन वर्षांत भिंत होते. मी म्हटलं, पळणारा हवा असेल तर आधी दोन फुटी चर खणू, जाड प्लास्टिकचा पत्रा उभा पुरू, आठ दिवस लागतील. तुम्ही एवढंच विचारलंत, लवकर कोणता झाकेल.

मुलगी: रविवारी मला परत जायचं होतं.

माळी: असेल.

मुलगी: नाही. तसं नव्हतं. त्या आठवड्यात बाबा उलटा शर्ट घालून फाटकात उभे राहिले होते. शिवण बाहेर, खिसा आत. त्यांच्या हातच्या कॉलरसाठी लोक तीन-तीन आठवडे थांबायचे, आणि ते असे उभे. रस्त्यातल्या दोन बायका हसल्या. मी खिडकीतून बघत होते.

माळी: मग आत घेतलंत.

मुलगी: दंडाला धरून ओढलं.

माळी: बरं. ती कुदळ द्या जरा. आणि इथलं काय करायचं ते सांगा, ही मधली बुटकी जागा.

मुलगी: तिथे कीड लागली होती ना?

माळी: कीड कात्री घेऊन येत नाही, ताई. वाका जरा, कांडी बघा. प्रत्येकावर काप आहे. बांबू कोवळा असताना शेंडा छाटला की तो परत वर जात नाही, तेवढाच राहतो. हे सगळे बसलेल्या माणसाच्या गळ्याएवढे छाटलेत. आणि रेघ बघा. मी तीस वर्षं हेच करतोय, मला अशी सरळ रेघ येत नाही.

मुलगी: त्यांची मोठी कात्री मी पोटमाळ्यावर लपवली होती.

माळी: सापडली असणार.

मुलगी: तुम्हाला ठाऊक होतं हे?

माळी: महिन्यातून एकदा यायचो मी. आपले टेलरमास्तर इकडे लोखंडी स्टुलावर, काकू तिकडे मोरीच्या कट्ट्यावर. काही ना काही चाललेलं असायचं. म्हणून तर तुम्ही या जागेवर हिरवी जाळी लावायला सांगितलीत तेव्हा म्हटलं, मास्तरांना विचारून घ्या.

मुलगी: आणि मी काय म्हणाले?

माळी: म्हणालात, त्यांना काय विचारायचं. तीन पदरी बांधायला लावलीत.

मुलगी: हो.

माळी: एक बोलू का? लहान तोंडी मोठा घास होईल.

मुलगी: बोला.

माळी: काकू समजतात, जाळी मास्तरांनी लावून घेतली. त्यांच्यावर रागावून. परवा माझ्यासमोर रडल्या. मी मान खाली घालून कोंब मोडत बसलो. हे मी सांगायचं नाही, तुमचं आहे. पण संध्याकाळपर्यंत चर बुजेल, आणि मी घरी जाईन. जाताना त्या मला चहा विचारतात, दरवेळी. आज तो चहा मला असा नाही प्यायचा.

मुलगी: फाटक वाजलं.

माळी: त्याच आहेत.

(काकू मधल्या फाटकातून येतात. माळी चराच्या दुसऱ्या टोकाला जातो.)

काकू: बापरे, अर्धं अंगण उकरलंत की. बरं झालं. काल मोरीची फरशी उचलून एक कोंब वर आला होता. कपडे धुतेय तर माझ्याकडे बघतोय. साबण मागायचा तेवढा राहिला होता.

मुलगी: फरशी मी बसवून देते, काकू.

काकू: फरशीचं नाव काढू नकोस. त्या फरशीपायीच झालं सगळं.

मुलगी: असं का म्हणता?

काकू: त्या शनिवारी बोलले ना मी मास्तरांना. फरशी पहिल्यांदा उचलली तेव्हा. म्हटलं, तुमचा बांबू माझं घर उखडतोय, मुलीला सांगा काहीतरी. आवाज चढवून बोलले. बिचारे हसले नुसते. मला वाटलं, कळलंच नाही त्यांना. आणि सोमवारी बघते तर बांबूतली खिडकी जाळीने बंद.

मुलगी: काकू, ती जाळी...

काकू: थांब. आज बोलू दे, नाहीतर परत जमायचं नाही. मी रुसले. या वयात, आणि कोणावर, तर ज्याला आजचा वार सांगता येत नाही अशा माणसावर. सोमवारी हाक मारली नाही, मंगळवारी नाही. बुधवारी सकाळी कपडे पिळत होते. दहा पावलांवर. स्टूल पडल्याचा आवाज आला. त्या स्टुलाचा आवाज मी झोपेतही ओळखीन. आणि मनात म्हटलं, आपटू दे, माझ्यावर राग आहे ना.

मुलगी: काकू.

काकू: साडेनऊ वाजले होते. त्यांची डबेवाली बाई आली दीड वाजता, तिला ते पडलेले दिसले. चार तास. मी तेवढ्यात कपडे वाळत घातले, जेवले, भांडी घासली.

मुलगी: जाळी बाबांनी नाही लावली.

काकू: मग कोणी?

मुलगी: मी. म्हणजे बांधली यांनी, तुम्ही सगळे आत गेल्यावर, पण मी लावून घेतली. रविवारी आले होते.

काकू: रविवारी तू इथे होतीस?

मुलगी: तीन तास.

काकू: मला भेटली नाहीस.

मुलगी: टाळलं. तुमच्याकडे कोणी आलं होतं. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, आवाज येत होते. बाबांचा शर्ट बटणं वर-खाली लावलेला, एक टोक गुडघ्यापर्यंत लोंबत होतं, आणि ते त्या फटीतून हात हलवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकू: माझी बहीण होती. तिच्या पोरांचे शाळेचे कपडे मास्तरांनी शिवलेत सगळे. ती त्यांनाच बघायला आली होती, खास.

मुलगी: मला माहीत नव्हतं.

काकू: विचारलंस कुठे. आणि बटणांचं म्हणशील तर बटणांसाठीच यायचे ते खिडकीत. रोज सकाळी. समोर बसायचे, हनुवटी वर करायचे, जसं गिऱ्हाईक उभं राहतं. मी म्हणायचे, मास्तर, वरचं बटण. मग सगळी सोडून वरपासून परत लावायचे, एकेक. पाऊण तासही लागायचा कधी. मी कपडे धुवत बसायचे.

मुलगी: मी स्वतःच लावून टाकायचे. पटापट.

काकू: तू लांबून यायचीस. वेळ नसायचा तुला.

मुलगी: असं सावरून नका घेऊ मला, काकू.

काकू: घेत नाहीये. अजून एक विचारायचंय. मास्तर जाईपर्यंत हॉस्पिटलात दोन दिवस आपण एका बाकावर बसलो होतो. मी तुला पहिल्याच दिवशी म्हटलं, मास्तरांनी माझ्यावर रागावून जाळी लावली. आठवतं?

मुलगी: आठवतं.

काकू: तू माझा हात दाबलास.

मुलगी: हो.

काकू: आणि बोलली काहीच नाहीस.

मुलगी: नाही.

काकू: का?

मुलगी: बरं वाटलं मला. दोष दुसऱ्या कोणाचा तरी आहे, असं. दोन दिवस तुमच्या शेजारी बसून मला बरं वाटत होतं.

काकू: तीन आठवडे झाले त्याला.

मुलगी: रोज उद्या सांगू म्हणत होते.

काकू: मी त्या कट्ट्यावर बसत नाही तेव्हापासून. कपडे आत, न्हाणीघरात धुते. गुडघे दुखतात, तरी.

मुलगी: काकू, मी...

काकू: माफी मागू नकोस आत्ता. मी हो म्हणून टाकीन सवयीने, आणि ते खरं नसेल.

माळी: मधेच बोलतो, माफ करा. पत्रा कुठवर घ्यायचा? ऊन कलतंय.

मुलगी: पत्रा राहू द्या. सगळा बांबूच काढा.

माळी: काढू. पण आज काढला म्हणजे आज संपला असं होत नाही, ताई. खाली तुकडे राहतात. पुढची दोन-तीन वर्षं कोंब येत राहतील, दोन्ही अंगणांत. ते हातभर व्हायच्या आत कोणीतरी मोडायला हवेत. मोडत राहिलं की थकतो मग.

मुलगी: मी येईन.

काकू: कधी? रविवारी?

मुलगी: रविवारी.

काकू: त्यांना मी रोज तेच सांगायचे. विचारायचे, मुलगी कधी येणार? मी म्हणायचे, रविवारी. दुसऱ्या दिवशी विसरायचे, ते एक बरं होतं.

मुलगी: तुमच्या मोरीतले कोंब पण मीच मोडीन. फाटकातून हाक मारून येईन. तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल.

काकू: बघू. माळीदादा, चहा टाकते. दोन कप टाकू की तीन, ते आत गेल्यावर ठरवते. आणि ऐक गं.

मुलगी: काय?

काकू: हॉस्पिटलात त्यांचे कपडे तुझ्याकडे दिले होते ना, पिशवीत?

मुलगी: हो. आहेत. धुतले नाहीत अजून.

काकू: शर्टाची बटणं कशी होती?

मुलगी: वरचं बटण दुसऱ्या काजात होतं. पुढची सगळी तशीच, एकेक घर खाली.

काकू: म्हणजे खिडकीकडेच येत होते.