पाच पिढ्यांचा पाळणा

बिश्केकच्या एका इस्पितळात रक्त तपासणीच्या रांगेत बुरुल आजी आणि तिची नात बेगिमाय माझ्यापुढे बसल्या होत्या. नातीचं उद्या ऑपरेशन होतं.

“मेंदूचा मागचा भाग मानेत उतरलाय, आजी. डॉक्टर थोडं हाड काढून त्याला ऐसपैस जागा करून देणार.”

“मीच तुला पाळण्यात घट्ट बांधायचे. त्यानंच उतरला.”

“पाळण्यानं नाही गं. माझी कवटीच जन्मापासून मागे लहान आहे. डॉक्टरांनाच विचारलं मी.”

“म्हणजे पाळण्याचा काही दोष नाही?”

“काडीचाही नाही.”

“मग जरा घोटाळा झालाय. काल मी तो फोडून चहाच्या समोवारात जाळला.”

“आपला पाच पिढ्यांचा पाळणा?”

“चांगला वाळलेला होता. चहा लगेच उकळला.”

“आता पुढे मला बाळ झालं, तर त्याला काय टोपलीत झोपवू?”

“नवा करून घेऊ. तू आधी उद्या शुद्धीवर ये, मग दोघी सुताराकडे जाऊ.”