आल्फ्रेडचं पान

— अगं अनुया, ते फाटकं नको, चांगलं मोठं पान दे इकडे. आल्फ्रेडचं आहे ते. हसू नकोस! तू हाउन्सलोहून केळीची पानं आणलीस ती कोणासाठी, तर ह्याच्यासाठी — हा बघ, चौरंगावरच्या फोटोतला, घोड्यावर बसून मिशीला पीळ दिलेला. कार बूट सेलच्या जुन्या सामानात मिळाला आमच्या ह्यांना, कपबश्यांच्या खोक्यात. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बॅजवरून रेजिमेंट शोधली, रेजिमेंटवरून नाव, नावावरून गाव — त्या गावालाही नेलं मला, भर पावसात, चर्चमागचं गवत तुडवायला. आल्फ्रेडच्या आईचं नाव काय? मार्था, झोपेतसुद्धा सांगतील. माझ्या आईचं विचार बरं — अडखळतील, लाव पैज.

मग कळलं, तो तापाने गेला, बराकीतच. लग्न नाही, मूलबाळ नाही. तर हे जेवता जेवता रडले! जन्मभर हॉस्पिटलात मरणं बघितलेला डॉक्टर माणूस — रडला गं. माझे बाबा गेले तेव्हा काय म्हणाले? ‘वय झालं होतं, अलका.’ झालं. आणि आता म्हणे सर्वपित्रीला आल्फ्रेडचं एक पान वाढू या, त्याचं कोणी नाही. माझ्या बाबांचं कोण आहे? मी एकुलती एक. दरवर्षी विचारते, एक पान बाबांचं ठेवू? — तर ‘नागपूरला पुतणे करतात ना!’ करतात कसले, पिझ्झा मागवतात. जळते मी, हो, त्या मेलेल्या गोऱ्यावर जळते! पुरणवरण मी करायचं, वडे मी तळायचे, आणि जेवणार कोण, तर हा!

— खिरीत वेलची नको गं, जायफळच. बाबांना जायफळ — म्हणजे आल्फ्रेडला काय कळतंय त्यातलं? आणि फ्रेमला हात लावू नकोस! सरळच आहे ती. मागून जरा फुगलीय, एवढंच. पुठ्ठा नीट बसत नाही — कसा बसेल, आत दोघं आहेत. अशी काय बघतेस? आज सकाळी ठेवले बाबांना, त्याच्या मागे. वाकून नमस्कार करतील ना हे, करू देत. नीट वाकू देत. मी काही रडत नाहीये, कांदा — कांदा नसतो आज, माहीत आहे मला.

गप्प. जिन्यावर आलेत. तू पान पूस.

— अहो, या ना! तुमचा आल्फ्रेड ताटकळलाय केव्हाचा.