अंगण धुऊ नका

अम्मानमधल्या बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे दोन शेजारणी उभ्या होत्या.

“उम्म घसान, काल पाणी वाचवायच्या व्याख्यानाला गेली होतीस ना? कसं झालं?”

“छान चाललं होतं गं. अंगण पाइपने धुऊ नका म्हणून बाई पोटतिडकीने सांगत होत्या. इतक्यात कुणीतरी ओरडलं, गल्लीत पाणी आलं!”

“आठवड्यातून एकदा येणारं पाणी! मग पळालात सगळ्या?”

“हॉल रिकामा!”

“अरेरे, बाई एकट्याच पडल्या म्हणायच्या.”

“कसल्या एकट्या! मला कोपराने ढकलून आधी त्याच जिना उतरल्या. आमच्या समोरच राहतात.”

“धुणं साठलं असेल बिचाऱ्यांचं.”

“धुणं कसलं! पाइप लावून अंगण धूत होत्या!”

“अगं बाई! मग खडसावलं नाहीस त्यांना?”

“कुठल्या तोंडाने? माझ्याही हातात पाइपच होता.”