काडीनं आखलेली खोली

कामरगाव, डिसेंबर १९७७, रविवार

या वहीची क्षमा मागतो. सुटून आल्यापासून इथे एक ओळ लिहिली नाही. लिहायला बसलो की तुरुंगातलंच आठवे आणि हात थांबे. आज दौलतदादांच्या शोकसभेत बोललो. विसरण्याआधी, बोललो तसंच उतरवतो.

मंडळी,

मागे उभे आहेत त्यांनी पुढे सरकून बसून घ्यावं. कॉलेजात मी रोज बोलतो, बोलण्याचाच पगार घेतो. पण आज सकाळपासून पहिलं वाक्य सापडत नाही. दौलतदादांबद्दल ‘होते’ म्हणायचं, तिथेच अडतं.

तुम्ही त्यांना जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलताना पाहिलंत. मी त्यांना तुरुंगात पाहिलं. आणीबाणीत मजुरांच्या मोर्च्यानंतर आम्हाला धरलं आणि एका बराकीत कोंबलं. किती माणसांसाठी ती बांधली होती ते दारावर रंगवलेलं होतं. आम्ही त्याच्या कितीतरी पट होतो. पाय लांब करायचे तर समोरच्याला विचारावं लागे. एक जण उठला की त्याची जागा शेजाऱ्यांच्या अंगांत मिटून जाई. नळाला रांग, संडासाला रांग, भिंतीला पाठ टेकायलाही रांग. खरूज एकाला झाली की ती सगळ्यांची. माणसं वाईट नव्हती. पण कोपर लागलं एवढ्यावरून चांगली चांगली माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात.

दुपारी थोडा वेळ अंगणात सोडत. तेही अरुंदच. तिथे एके दिवशी दौलतदादांनी कडुनिंबाची काडी घेतली आणि मातीत एक चौकोन आखला. एका बाजूला फट ठेवली.

मी विचारलं, “हे काय, दादा?”

“खोली हाय सर. माह्या सुमनची. पोरगी मॅट्रिकले बसन. घरात एका खोलीत अकरा जनं. एक खोकलून राह्यला, एक भांडून राह्यला, तं पोरगी वाचन कवा? सुटलो का पह्यले हे बांधतो. हे दार, हे खिडकी. अन् तुमी भिंतीवर उभे हा, खाली उतरा.”

मी उतरलो.

तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवसापासून ती रेघ कुणी ओलांडेना. पाऊल ठेवायला जागा नव्हती, तरी माणसं त्या चौकोनाला वळसा घालून जात. मग आपले कादरभाई, कारंज्याचे सुतार, ते बघा तिकडे खांबाशी बसलेत, त्या फटीपाशी जाऊन उभे राहिले.

“दौलत, अंदर आऊं क्या?”

“चप्पल काढ. अन् गपचूप बस, हे काही हॉटेल नाही.”

कादरभाई आत बसले. एकटे. कुठूनही कुणाचं अंग लागत नव्हतं. बाहेर आले आणि म्हणाले, “यार, मले माहाच श्वास ऐकू आला.”

तेव्हापासून रोज पाळी लागली. एकेकानं आत जायचं, बसायचं, उठून दुसऱ्याला जागा द्यायची. एकदा वॉर्डर तरातरा त्या रेघेवरून चालत आला. दौलतदादा शांतपणे म्हणाले, “साहेब, दार तिकून हाय.” वॉर्डर थबकला, आणि खरोखर वळसा घालून गेला. माझी पाळी आली तेव्हा मी काय केलं? काही नाही. कित्येक दिवसांनी मनातला एक विचार मी शेवटपर्यंत नेला, एवढंच.

ते स्वतः मात्र कधी आत बसले नाहीत. विचारलं तर म्हणत, “मले एकट्यानं करमत नाही. अन् ते माही हाय कुठं? पोरीची हाय.”

मंडळी, एक गोष्ट मला छळते. कारंज्याला माझ्या घरात खोल्या तीन आणि माणसं दोन. दार लावून मी बसतो आणि मला ते अंगण हवं असतं. तुरुंगाची ओढ वाटते, असं म्हणणं म्हणजे तिथे सोसलेल्यांचा अपमान नाही का? दौलतदादांनी तो जीवघेणा खोकला तिथूनच आणला, असं घरचे म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण बराक मी पाहिली आहे, ‘नाही’ म्हणवत नाही. मग मला हवंय तरी काय? ती दाटी नको. ती खरूज नको. दारात थांबून ‘येऊ का’ विचारणारी माणसं हवीत. ‘चप्पल काढ’ म्हणणारा तो आवाज हवा. तो आता कुठून आणू?

सुटून आल्यावर दादांनी घरामागे खोली काढली. आज सकाळी मी पाहिली. भिंती उभ्या आहेत, छप्पर राहिलं. त्या भिंतींच्या आत पोतं अंथरून सुमन वाचत बसली होती, डोक्यावर उघडं आभाळ. तिची परीक्षा मार्चमध्ये आहे.

दादांचे थोरले भाऊ किसनराव तिथेच भेटले. म्हणाले, “सर, माह्या पोराचं लगन ठरलं. नवी सून येईन, ते कुठं राहीन? बांधली दौलतनं, पन घर तं सगळ्यायचं हाय.”

त्यांचं चुकलं, असं मला म्हणता येत नाही. अकरा माणसांच्या खोलीत नवी नवरी यायची आहे. तीन खोल्यांत राहणाऱ्यानं त्यांना काय शिकवावं? मी शिकवत नाही. मी साक्षीदार आहे. ती रेघ आखली गेली तेव्हा मी तिथे उभा होतो. ती सुमनसाठी होती. माझी साक्ष एवढीच. किसनराव, परीक्षेपर्यंत तरी...

(इथे किसनराव बसल्या जागेवरूनच बोलले, “सर, बिनछपराची खोली कोनाले देता? पह्यले छप्पर तं चढू द्या. लगन वैशाखात हाय. तवरलोक पोरीची.” कादरभाईंनी खांबाशी हात वर केला, “माप घ्याले मी थांबतो आज.” लोक हसले. सुमनची आई पदराआड होती, ती हसली की रडली ते मला कळलं नाही. मी बोलणं पुढे नेलं.)

ऐकलंत, मंडळी. आता मी काही मागत नाही. दौलतदादा, तुमच्या गावाच्या साक्षीनं तुम्हाला हात जोडतो. आणि मंडळी, तुम्ही उभे राहू नका, दाटी आहे. आहात तसेच बसा, शेजाऱ्याचं कोपर लागत असेल तर लागू द्या, आणि त्यांच्यासाठी थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

उद्या: कादरभाईंबरोबर छपराचं माप घेणे.