न फोडलेली डबी

— नाही, ती फेकू नका, थांबा. टपरीकडं नंतर जा. विट्याच्या स्टँडावरून एसटी निघून जाते, टपरी कुठं जात नाही. आधी डबी दाखवा इकडं. दाखवा म्हणजे बाकावर ठेवा, माझ्या हातात नका देऊ. हां, इथं. — बघा, झालं की नाही? चुरमुरा झालाय नुसता. आता ही ओठाखाली धरली की भाताचं तूस धरल्यासारखं लागणार, ना चव ना चरका. मग माणूस म्हणतो, छ्या, याच्यात काही दम नाही; आणि उठतो, आणि मावा मळून घेतो. आत्ता तुम्ही उठला होता तसाच. दोष पुडीचा नाही, पाव्हणं. कुठं ठेवली होती? — जीपमध्ये, पुढच्या काचेपाशी. मे महिन्यात. तिथं अंडं ठेवलं असतं तर नाष्टा तरी झाला असता.

तुम्ही म्हणाल, या म्हाताऱ्याला काय ठाऊक या नव्या निकोटिनच्या पुड्यांचं. बरोबर आहे. पंचायत समितीत छत्तीस वर्षं आवक-जावकला होतो, तिथं आम्हाला चंचीतली तंबाखू आणि चुन्याची डबी एवढंच शास्त्र ठाऊक. पण या बारक्या पांढऱ्या पुड्या, चहाच्या पिशवीची पिल्लं असावीत तशा — यांच्यावर माझा अभ्यास आहे. निवृत्तीनंतर लोक ज्ञानेश्वरीला हात घालतात, मी याला घातला. ऐका. ही ऊन लागलं की सुकते आणि ओल लागली की कुजते, म्हणजे आमच्या खात्यातल्या फायलीसारखी. घरात असाल तर फ्रीजमध्ये ठेवायची, पण खालच्या खणात, बर्फाच्या खणात नव्हे. आणि बाहेर काढली की लगेच झाकण उघडायचं नाही. गार डबीला गरम हवा लागली की आत घाम धरतो. पाव तास तशीच ठेवायची, मग उघडायची. प्रवासात पँटीच्या खिशात तर मुळीच नाही — अंगाची ऊब काय कमी असते? झिपच्या पिशवीत घालायची, हवा दाबून काढायची, पिशवी बॅगेच्या मधोमध, कपड्यांच्या घडीत. आणि माझ्यासारखा फारच अडाणी हौशी असला तर पिशवी स्टीलच्या डब्यात आणि डब्याला बाहेरून ओलं फडकं. ओल बाहेर, कोरडं आत. फडकं आत घातलं तर संपलं.

— हा? हो, हा तोच डबा. नाही हो, भाकरी नाहीय यात. मी सांगलीला चाललोय मुलीकडं, मायाकडं, उन्हाळाभर. घराला कुलूप, म्हणजे फ्रीज बंद, मग याला मागं ठेवून कसं चालेल? मायानं फोनवर सांगितलं, आप्पा, तो डबा आणणार असाल तर तुम्ही एकटेच या. म्हटलं, वाक्य नीट कर, डबा आणला तर एकटा कसा. हसली नाही. पूर्वी हसायची.

तुम्ही गलाईवालेच ना? हातावरून ओळखलं, ॲसिडाचे डाग साबणानं जात नाहीत. कुठं, मदुराई? म्हणजे इथून निघायचं ते भट्टीतून उठून भट्टीपाशी बसायला. आमचा पोरगा विश्वजित विजयवाड्याला असतो. सोनं गाळायचं दुकान, दहा बाय बारा, एक पंखा, तो पण भट्टीला वारा लागतो म्हणून बंद. तिथं डबी कशी टिकवायची? तो पाण्याच्या घागरीमागं ठेवायचा. भट्टीपासून लांब, भिंतीच्या सावलीला, घागरीला न टेकवता. त्याचं त्यानं शोधून काढलेलं. मी फक्त फडक्याची भर घातली. — ठेवायचा म्हणजे... हो. ठेवायचा.

अजून वेळ आहे तुमच्या गाडीला? मिरजेहून रेल्वे रात्रीची असेल, घाई नाही. बसा. सावलीकडं सरका.

तर विश्वजितचं असं झालं होतं की तोंड उघडेना. दोन बोटं जातील एवढंच. मावा. गलाईवाल्याचे दोन्ही हात भट्टीतल्या मुशीवर गुंतलेले, बिडी ओढायची सोय नाही, मग गालात मावा धरायचा सकाळपासून. तिथल्या डॉक्टरनं आत पांढरा डाग दाखवला आणि म्हणाला, आज बंद. कुणीतरी बंगळूरहून या पुड्या आणून दिल्या. डॉक्टर म्हणाला, हे पण काही तुळशीचं पान नव्हे, पण मावा सुटेपर्यंत धर, मग हे पण कमी करत सोड. आणि त्यानं धरलं. अकरा महिने माव्याला शिवला नाही. अकरा महिने, पाव्हणं. मी छत्तीस वर्षांत अकरा तास नाही राहिलो.

चैत्रात नाथाच्या जत्रेला आला. गलाईवाला दिवाळीला येईल न येईल, जत्रेला येतो, तुम्हाला काय सांगायचं. दोन डब्या घेऊन आला, चार दिवसांचा शिधा. दुपारी जेवून झोपला आणि डबी उशाशी उघडी. मी एक पुडी चाचपून बघितली — कोरडी लागली. आता ती तशीच असते, वरून कोरडीच असते, पण मला काय माहीत. मी तंबाखूवाला. आमची तंबाखू चैत्रात कडक झाली की आम्ही काय करतो? चार बोटांनी पाणी शिंपडतो आणि झाकून ठेवतो मुरायला. पोरगं दमून झोपलंय, म्हटलं आपण एवढं तरी करावं. दोन्ही डब्यांवर माठातलं पाणी शिंपडलं. सढळ हातानं. झाकणं लावली आणि खिडकीत ठेवल्या, उन्हात. नोकरीत एवढ्या तत्परतेनं मी एक काम केलं असेल तर शपथ.

संध्याकाळी उघडल्या तर आत लगदा आणि आंबूस वास. विशू पोट धरून हसला. म्हणाला, "आप्पा, हरभरं हाईत व्हय हे, भिजत घालाया?" रागावला नाही. रागावायला पाहिजे होतं. मी पण हसलो. त्याची आई तेवढी हसली नाही, ती म्हणाली, आता पोरानं चार दिवस काय करायचं? इथं मिळते का ही? नव्हती मिळत. म्हटलं चार दिवसांनी काय होतंय.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बोटं हलायला लागली, चहाचा कप बशीवर वाजायचा. तिसऱ्या दिवशी पालखी देवळात गेली आणि आम्ही सगळे पारावर बसलो. माझा पुतण्या दादासो लय तोंडाळ, तो त्याच्या मागं लागला — काय रं, आंध्रात जाऊन बामण झालास व्हय, उपासाच्या बाईगत कोरड्या तोंडानं बसलायस. सगळे हसले. विशू खाली बघत बसला होता. आणि मी शेजारी चिमूट मळत होतो.

आता हे तुम्हाला कळेल, शहरातल्याला कळायचं नाही. आमच्यात पोरगा बापासमोर तंबाखू खात नाही. चाळिशीचा झाला, दोन पोरांचा बाप झाला, तरी बाप आला की तो तोंड धुऊन येतो. माझ्या बापासमोर मी कधी खाल्ली नाही. त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, पण नाही. आणि बाप कधी आपल्या हातानं मळून पोरासमोर तळवा धरतो का? नाही धरत. धरलाच तर त्याचा अर्थ एकच, की आजपासून तू माझ्या बरोबरीचा. काही बापांना तो दिवस येतच नाही, आधीच मरतात. मला वाटलं, सगळा गाव याला हसतोय, आणि मी याची डबी नासवलीय, आणि माझ्याकडं द्यायला दुसरं काय आहे? मी मळली, चुना बेताचा, झटकली, आणि सगळ्यांसमोर हात पुढं केला. म्हणालो, "घे रं. आता तू मोठा झालास."

त्यानं माझ्या तळव्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. अकरा महिने होते हो त्याच्या डोळ्यांत, मला आत्ता दिसतात. तेव्हा मला वाटलं, पोराला भरून आलं. आपल्यात बापानं पुढं केलेला हात मोकळा परत जाऊ देत नाहीत. त्यानं दोन्ही हात जोडून प्रसाद घेतात तशी घेतली. दादासो म्हणाला, वा. पारावरच्या लोकांनी मान हलवली. आणि मी — मी छाती काढून बसलो.

घरी आलो तर लीलाबाई, माझी बायको, दारात उभी. पार आमच्या दारातून दिसतो. एवढंच म्हणाली, "मी दारातनं बघत हुते." बास. ती आता मायाकडं असते. मी गेलो की माझ्याशी बोलते. नाही असं नाही. जेवा म्हणते. दार लावा म्हणते. भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं, उत्तरं द्यायची मला सवय आहे.

तो परत गेला आणि मावा सुरू झाला. होणारच. महिन्याभरानं गावातल्या एकाबरोबर त्यानं ही डबी पाठवली, एकच, सील न फोडलेली, आणि वर चिठ्ठी: आप्पा, ही तुमची. पाणी मारू नका. तुमी सोडल्याबिगर माझ्याच्यानं सुटायचं न्हाई, आपण दोघंबी सोडू. — मी काय केलं? फोन लावला आणि म्हणालो, बाबा रे, छत्तीस वर्षांत सरकारला मला सुधारता आलं नाही, तू कुठं लागलास. तो हसला. मला माणसं हसवता येतात, पाव्हणं, हा माझा मोठा गुण. डबी कपाटात टाकली आणि चिमूट मळली.

दिवाळीत त्याच्या जिभेखाली फोड आला, तो बसेना. मग मिरजेचा दवाखाना. मग जबड्याची अर्धी बाजू कापली. डॉक्टर म्हणाले, त्या एका चिमटीनं काही झालेलं नाही, ते आधीपासून आत होतंच. चांगला माणूस. मी तीन डॉक्टरांना विचारलं, तिघांनी तेच सांगितलं. चौथा भेटला तर त्याला पण विचारीन.

बोलता येत नव्हतं, तर तो पाटीवर लिहायचा, त्याच्या पोराची पाटी होती. एकदा त्यानं मला जवळ बोलावलं आणि लिहिलं, डबी फोडली का? — मी म्हटलं, फोडली की. रोज एक धरतो. तंबाखू कवाच बंद. त्यानं अंगठा वर केला. असा. नळ्यांतून. तंबाखू बंद मी त्या रात्री केली, दवाखान्याच्या मागं गटारात चंची टाकली, चुन्याच्या डबीसकट. पण डबी फोडली म्हणालो ते खोटं होतं, आणि चार दिवसांनी तो गेला, तेव्हा ते खोटंच राहिलं. माघात, त्याला आता सव्वा वर्ष झालं. मग मी डबी कपाटातून काढली आणि हा सगळा अभ्यास सुरू केला — फ्रीजचा खण, झिपची पिशवी, फडकं. ज्याला टिकवायचं होतं त्याच्यासाठी मला चार दिवस दोन डब्या टिकवता आल्या नाहीत, आणि आता एक डबी सव्वा वर्ष टिकवली. कुणासाठी ते मला विचारू नका. मायानं विचारून झालंय.

— नको, डोळे नका पुसू तुम्ही, मला सवय नाही.

कर्नाटकची लाल गाडी दिसतेय बघा, ती तुमचीच, मिरजेला जाते. उठा. टपरीकडं नाही, इकडं. एक मिनिट. हे फडकं धरून... नको, मीच सोडतो. ही घ्या— नाही, हात मागं घे. मागं घे हात, बाळ. माझ्या हातातून काही घ्यायचं नाही. मी इथं बाकावर ठेवतो. आता तुला वाटलं तर तू उचल, नाही वाटलं तर राहू दे. मी तुला काही देत नाही, कळलं ना? मुदत संपलीय तिची, खाली छापलंय. पण मुदत संपलेल्यांवरच आमचं खातं चालायचं. उघडून बघ. बिघडली असली तर टाकून दे आणि मदुराईपर्यंत शेंगदाणे चघळ. टपरीवर उतरू नको. तेवढं.

उचललीस? मी बघत नाही. पिशवीसकट घे. बॅगेच्या मधोमध, कपड्यांत. खिडकी उन्हाकडची धरू नको.

नाही, पाया नको पडूस. जा. आणि गाडीतनं हात करू नको मला. — जा म्हटलं ना.