हॉटेल किती सालचं

(शेलूबाजार. जुन्या हायवेवरचं चहाचं हॉटेल. दुपार. गल्ल्यावर जगदेव, भट्टीपाशी त्याची बायको तुळसाबाई, समोर वही घेतलेली स्नेहा.)

जगदेव : तो मोबाईल आंधी पर्समधी टाक. मंग बोल.

स्नेहा : बंदच आहे, काकाजी. मी एवढंच विचारलं, हे हॉटेल किती सालचं?

जगदेव : तेच तं इचारू नये माणसानं. कोण्या ऑफिसातून आली?

स्नेहा : ऑफिसातून नाही. नागपूरले कॉलेजात शिकते. या जुन्या रस्त्यावरच्या लोकांचं लिहून घेत आहे.

तुळसाबाई : खुर्चीवर बस, माय. उनाची आली.

जगदेव : बसव, बसव. मांगच्या साली बी एक जण असाच वही घेऊन बसला होता. त्याले तुनं भजे बी चारले.

तुळसाबाई : भज्यानं काय बिघडलं? बिघडलं तुमच्या तोंडानं. सांगा तिले.

जगदेव : तिले कायले सांगू?

तुळसाबाई : मंग मी सांगतो. त्या माणसानं हेच इचारलं, हॉटेल कई टाकलं. हे सारे दुकानदार आंधीच एक झालेले. जुनं सांगितलं तं इतक्या वर्षांचा दंड लावतीन, म्हणून साऱ्याईनं नवं सांगायचं. यायनं सांगितलं, बारा वर्षं झाले. बारा! माह्या लग्नात याच भट्टीवरची बुंदी होती.

स्नेहा : मग?

जगदेव : मंग नोटीस आली. हा रस्ता पहिल्यांदा रुंद झाला, त्याच्या आंधीचे जे असतीन, त्याईले मांगं जागा भेटन. बाकीच्याईनं महिन्याभरात उठा. अन् आमचं तं बारा वर्षांचं. माह्याच तोंडचं, माह्याच सहीचं.

तुळसाबाई : अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

जगदेव : तू चूप राय. गाड्या तं आंधीच नव्या समृद्धी हायवेवर गेल्या, आता जागा बी गेली. अन् ही पोरगी म्हणते, लिहून घेतो. फुकट कोणी कोणाच्या दारी येत नाही, बाई. तुले काय भेटते याच्यात?

स्नेहा : पदवीचं काम आहे. अन् एक ऐकलं होतं, ते डोक्यातून जात नाही. अमेरिकेत सहासष्ट नंबरचा एक रस्ता आहे. बाजूनं मोठे रस्ते झाले, गाड्या तिकडं गेल्या, जुन्यावरचे हॉटेलं, पेट्रोलपंप बंद पडले. मग तिथलेच लोक सांगायला लागले, कोण कधीपासून होतं, कोणी काय चालवलं. आता माणसं तो जुना रस्ताच पाहायला येतात.

जगदेव : शेलूबाजार पाहाले कोण येईन?

तुळसाबाई : नोटीसवाला आलाच ना.

जगदेव : अन् त्या लोकाईनं सारं खरंच सांगितलं असन?

स्नेहा : वाईटही सांगितलं. काळ्या लोकांना बऱ्याच हॉटेलांत घेत नव्हते. आपण कुठं थांबू शकतो, याची यादी ते जवळ ठेवायचे. तेही लिहिलंय.

जगदेव : तू कोण्या गावची?

स्नेहा : कामरगावची.

जगदेव : कामरगावात कोणाची?

स्नेहा : देवमन आबांची नात.

जगदेव : आडनाव काय?

स्नेहा : तुम्हाला आडनाव नाही पाहिजे, काकाजी. सरळच सांगते. आम्ही बौद्ध. दुष्काळात हा रस्ता रुंद झाला, तेव्हा आबा याच्यावर गिट्टी फोडायला होते.

जगदेव : आता समजलं. यादीचं कायले सांगत होती, ते बी समजलं. आंधी नोटीस, आता केस.

स्नेहा : केस करायची असती तर आबांनी तेव्हाच केली असती. मी त्यांनी सांगितलेलं लिहून आणलं आहे. वाचू?

जगदेव : नको.

तुळसाबाई : वाच, माय.

स्नेहा : ‘बहात्तरचं साल होतं. शेलूबाजारपाशी आमची टोळी होती. निंबाखाली एकच हॉटेल. आमाले आत बसू देत नव्हते. आमचा टवका उडालेला कप बाहेर खुटीले राहे. हॉटेलवाल्याचा लेक लांबूनच वरून चहा ओते. पिऊन झालं की आपणच धुवा अन् लटकवा.’

जगदेव : माह्या बापाच्या हॉटेलात असं नव्हतं.

तुळसाबाई : मी लग्न करून आली तई होता तो कप.

जगदेव : तुले कोणी इचारलं?

तुळसाबाई : कोणीच नाही इचारलं, म्हणून तं आजवर चूप हाये. पण थांबा. पोरी, साल कोणतं वाचलं तुनं?

स्नेहा : बहात्तर.

तुळसाबाई : अन् रस्ता रुंद करूनच राह्यले होते. म्हणजे हॉटेल त्याच्या आंधीचं. हेच तं त्या ऑफिसाले पाह्यजे. रस्ता करणारा माणूसच सांगून राह्यला!

जगदेव : ... सही करतीन का ते?

स्नेहा : सही येते आबांना.

जगदेव : मंग तेवढंच लिहून आण. बहात्तर साली हॉटेल होतं. कपाचं ऑफिसाले काय करायचं?

स्नेहा : मीही आबांना म्हटलं होतं, कपाचं राहू द्या, लोक मला हाकलून देतील. ते म्हणाले, मले हॉटेल याद नाही, कपच याद हाये. कप काढला तं माह्यापाशी साल बी नाही.

जगदेव : म्हणजे सौदाच झाला हा.

स्नेहा : सौदा कसला? तुमच्या नोटिशीचं मला आत्ता कळलं. सही पाहिजे तर तुम्ही जाऊन मागा. मी मागणार नाही. हे कपाचं सांगून झाल्यावर आबा त्या दिवशी जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

तुळसाबाई : उद्या सकाळच्या जीपनं जाऊ कामरगावले.

जगदेव : कोणत्या तोंडानं जाऊ?

तुळसाबाई : बारा वर्षं सांगितले, त्याच.

जगदेव : तुले हासू येते. मले भेव लागून राह्यलं. नोटिशीचं नाही. तो माणूस मले ओयखीन.

स्नेहा : ओळखतील. मी निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, तो लेक हाये का अजून?

जगदेव : काहून इचारलं?

स्नेहा : ते नाही सांगितलं. नुसतं विचारलं.

जगदेव : ... वही उघड. ते ‘हॉटेलवाल्याचा लेक’ लिवलं ना, तेवढं खोड.

स्नेहा : आबांचा शब्द मी खोडणार नाही, काकाजी.

जगदेव : बरं, खोडू नको. त्याच्या म्होरं लिव, जगदेव.