आत्याबाईंचा खोकला

...आणि वर चॅनेलवाले मलाच विचारतात, "लेखक, तुम्ही एवढे घाबरलेले का दिसता?" आता घाबरू नको तर काय करू? तुम्हाला सांगतो, माणसानं वाटेल ते करावं, पण आपल्या आईच्या आवडत्या कादंबरीवर टीव्ही मालिका लिहायला घेऊ नये. त्यातून आई त्याच घरात राहत असेल, तिची नजर शाबूत असेल आणि रिमोट तिच्या हातात असेल, तर मुळीच नाही!

कादंबरी म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. उशाला घेतली तर मान अवघडेल एवढी जाड. एक पोरकी मुलगी, तिला सांभाळणारी आत्या, एक मोठं थंडगार घर आणि बाहेर धुकं. आत्या पहिल्या प्रकरणापासून खोकत असते आणि पुस्तकाच्या मध्यावर, भाचीचा हात हातात धरून, एक अक्षर न बोलता जाते. मग ती पोरगी एकटी पडते, एकटी धडपडते, एकटी उभी राहते. म्हणजे आत्या गेली नाही तर कादंबरीच नाही हो. आणि माझ्या आईनं ही कादंबरी कॉलेजात जन्मभर शिकवली. ते आत्याचं प्रकरण ती वर्गात मोठ्यानं वाचायची. तिचे विद्यार्थी, आता टक्कल पडलेले, रस्त्यात भेटले की अजून मला धरून सांगतात, "बाई वाचायला लागल्या की मागच्या बाकावरचे टगेसुद्धा नाक ओढायचे."

तर ही कादंबरी चॅनेलनं घेतली आणि लिहायला दिली मला. का? तर त्या अख्ख्या इमारतीत ती वाचलेला मी एकटाच! पहिल्या मीटिंगला चॅनेलच्या मॅडम अगदी हळव्या झाल्या. म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा हं, क्लासिक आहे. पुस्तकाला धक्का लागता कामा नये." मी धावत घरी आलो, आईला सांगितलं. आईनं चष्मा वर केला आणि म्हणाली, "बघू." तुम्हाला माझ्या आईचं 'बघू' माहीत नाही. मी लग्नाचं ठरवलं तेव्हाही ती "बघू" म्हणाली होती. अजून बघतेच आहे.

सुरुवात धुक्यापासून झाली. सेटवर धुराचं मशीन आणलं. ते सुरू झालं आणि दिग्दर्शक खोकला, कॅमेरामन खोकला, केस विंचरणारी बाई खोकली... इतके खोकले की आत्याचा खोकला ऐकूच येईना. मॅडम म्हणाल्या, "धुकं काढा. कोवळं ऊन टाका. पुस्तकाला धक्का न लावता." मग त्या पोरीवर गाडी आली. "पोरकी? आठ वाजता पोरकी? लोक जेवायला बसलेले असतात हो! आईवडील असू द्या, फक्त लांब असू द्या." झालं. पोरकी मुलगी दर शुक्रवारी आईवडिलांशी फोनवर बोलायला लागली. हो, फोनवर. घोडागाडी होती, तिची मोटार आधीच झाली होती. घराचा तो घुम्या मालक, पुस्तकात निम्म्या कादंबरीत तोंड उघडत नाही, तो गच्चीवर गाणं म्हणायला लागला. आणि प्रत्येक वेळी तेच. पुस्तकाला धक्का लागता कामा नये!

आणि आई? आई रोज आठला बघायची. मी स्वयंपाकघरात उभा. पाणी प्यायचं निमित्त. किती पाणी पिणार माणूस? भाग संपला की ती टीव्ही बंद करायची आणि कुंड्यांना पाणी घालायला जायची. एक शब्द नाही. अहो, बोलली असती तर मी भांडलो असतो, चॅनेलवर ढकललं असतं, पायसुद्धा धरले असते. पण ती गप्प! वाटायचं, तिच्या आयुष्यभराच्या कामाची मी चिरफाड करतोय आणि ती ते निमूटपणे बघतेय.

त्यात आत्या लोकप्रिय झाली. ती भूमिका करणारी नटी म्हणजे आजवर मालिकांमध्ये मागे ट्रे घेऊन उभी राहणारी बाई. पहिल्यांदाच खोकायला मिळालं, आणि काय खोकली म्हणता! लोक तिला दुकानात थांबवून विचारायचे, "आता कसं वाटतंय?" मॅडमनी मला बोलावलं. "आत्या जाणार नाही."

म्हटलं, "मॅडम, पुस्तकात..."

"जाईल हो, जाईल. पण आत्ता नको. धक्का नाही लावत आपण, जरा उशीर करतोय."

आता उशीर म्हणजे किती? मालिकेतला डॉक्टर म्हणाला, "आजची रात्र कठीण आहे," आणि ती रात्र महिनाभर चालली! आत्या डोळे मिटायची, जाहिराती लागायच्या, आत्या डोळे उघडायची. एवढं खोकून खोकून त्या नटीचा खराखुरा घसा बसला. तिच्या डॉक्टरनं बजावलं, खोकायचं नाही. झाली मीटिंग. विषय काय, तर खोकला कुणाला द्यायचा! मी शिकलेला माणूस, त्या मीटिंगला वही-पेन घेऊन बसलो होतो. दिग्दर्शक म्हणाला, "स्वयंपाक्याला देऊ." मग आत्या नुसता रुमाल तोंडाला लावायची आणि दाराआड स्वयंपाकी खोकायचा. प्रेक्षकांचे निरोप यायला लागले, आत्याचं राहू द्या, आधी त्या स्वयंपाक्याला कुणाला तरी दाखवा.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, बास. आत्याचं मरण लिहिणार, पुस्तकात आहे तसंच, मग नोकरी गेली तरी बेहत्तर. आणि लिहिलं. जरासुद्धा इकडेतिकडे नाही. ते घेऊन आईसमोर गेलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, "आई, आत्या जाणार. अगदी पुस्तकातल्यासारखी. मी मॅडमशी भांडणार आहे."

आई म्हणाली, "कशाला?"

मी म्हटलं, "कशाला म्हणजे? आई, पुस्तकाला धक्का..."

"पुस्तकाला काय होतंय? ते कपाटात आहे." उशीच्या अभ्र्याची घडी घातली, मोडली, परत घातली. मग म्हणाली, "जन्मभर दर वर्षी मारलं रे मी तिला त्या वर्गात. तुझे बाबा वारले, मी सुट्टी संपवून कामावर गेले, तर पहिल्याच तासाला तेच प्रकरण आलं. तेही वाचलं. मुलांना वाटायचं, बाई किती छान वाचतात." मग माझ्याकडे न बघता, "रोज आठ वाजता मला वाटतं, आज जाणार. आणि जात नाही. मला इतकं बरं वाटतं... एकदा तरी उठू दे तिला. तुझ्या हातात आहे ना?"

म्हणजे रोज ती गप्प असायची, ती रागानं नव्हेच. मी तिथेच बसून पानं फाडली आणि नवीन लिहिलं. आत्या सकाळी उठते, खिडकी उघडते आणि भाचीला म्हणते, "भूक लागली गं." आईला वाचून दाखवलं. तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा ती "बघू" म्हणाली नाही. "छान," म्हणाली. माझी छाती अशी फुगली!

उड्या मारत मॅडमकडे गेलो. त्यांनी वाचलं, डोळे पुसले. म्हणाल्या, "फार गोड लिहिलंय. पण नटीच्या डॉक्टरनं आता बोलायलाही बंदी केलीय. सोडतेय ती मालिका. एकच दिवस येणार आहे. तेव्हा मारा." म्हटलं, "मॅडम, थोडा उशीर... रुमाल... स्वयंपाकी..." तर मॅडम म्हणाल्या, "अहो, पण पुस्तकात ती जातेच ना? तेसुद्धा एक अक्षर न बोलता? किती सोयीचं आहे! तसंच ठेवा. पुस्तकाला धक्का लागता कामा नये."

ठेवलं. काय करणार? हात हातात, एक अक्षर न बोलता. ती बाई अशी गेली की दिग्दर्शक बाहेर जाऊन रडला. अख्ख्या मालिकेत एवढाच एक भाग पुस्तकाला धरून झालाय. अस्सल. ज्याला कुणी नावं ठेवू शकणार नाही असा.

आईला सांगायला गेलो होतो हो. दारापर्यंत गेलो. आत ती फोनवर बोलत होती, त्या टक्कलवाल्या विद्यार्थ्यांपैकी कुणाशी तरी. "हो, हो, सगळ्यांना घेऊन ये. आज आठ वाजता. माझ्या मुलानं वाचवलंय रे तिला." तसाच मागे फिरलो. एव्हाना तिनं दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या असतील. शेजारच्यांच्यासुद्धा आणल्या असतील. आठ वाजायला आले ना?

नाही, तुम्ही उठू नका. सावकाश बसा. मला काही घरी जायची घाई नाही.